अजब बंगल्याची सहल वाया गेली नाही



गळीत हंगाम आटोपल्यावर शेतकी विभागातर्फे आपल्या गटातील चाळीसेक सभासदांना एक दिवसासाठी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेल्या अजब बंगल्यात, नेण्यात आले. परत आल्यावर काही मंडळींनी आम्हांस विचारले, "पेंढा भरलेली पाखरं पाहून उसाचं टनेज वाढते काय जी?" प्रश्न रोखठोक आहे. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा उत्तर देणे आमचे काम आहे.

हे संग्रहालय १८६३ सालचे. तेथे नाणी, शस्त्रे, मूर्ती पुष्कळ आहेत. पण आम्ही मुद्दाम पशुपक्ष्यांच्या दालनात जास्त वेळ थांबलो. पक्ष्यांच्या कपाटापुढे एक आजी थबकल्या. "हे तं आमच्या वावरातलंच घुबड हाय!" झाले, गप्पांना तोंड फुटले. कोणी म्हणे घुबड अशुभ, कोणी म्हणे ते ओरडले की घरातले माणूस जाते. आम्ही एवढेच विचारले, "रात्री उसातले उंदीर कोण खाते?" उंदीर उसाची खालची कांडी कुरतडतो, ऊस लोळतो, सडतो, वजन घटते, धुऱ्याला बिळे पाडून पाणी फोडतो ते वेगळेच. त्याच उंदरावर घुबडाचे पोट चालते. गव्हाणी घुबड हे नावच सांगते की हा पक्षी माणसाच्या गोठ्याजवळ राहणारा आहे.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गावात उंदीर फार झाले म्हणून आम्ही विषारी आमिष वाटले. मेलेले उंदीर गोळा करून पुरा, हे तोंडाने सांगितले, पण बांधावर जाऊन पाहिले नाही. आठवड्याभरात एका सभासदाने धुऱ्यावरच्या चिंचेखाली मरून पडलेली घुबडाची जोडी दाखविली. पुढच्या वर्षी उंदीर परत आले, घुबडे आली नाहीत. त्या सभासदाला आम्ही काय उत्तर देणार होतो?

धामणीचेही तसेच. ती गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सापाच्या तोंडाची ठेवणच अशी आहे की त्याला सड चोखता येत नाही. धामण बिनविषारी आहे आणि थेट बिळात शिरून उंदीर धरते. तरी तोडणीच्या वेळी ती दिसली की पहिली काठी तिच्यावरच पडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, हेही ध्यानात ठेवावे. मात्र साप ओळखता येत नसेल तर जवळ जाऊ नये. त्याला वाट द्यावी.

दगड आणि जीवाश्म पाहताना आपल्या काळ्या जमिनीचा विषय निघाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. त्या काळ्या दगडाची झीज होऊन ही माती बनली. दोन थरांच्या मधल्या काळात येथे तळी होती, त्यांतील शंख-शिंपले दगडात सापडतात. नागपुरात राहून हे शोधणारे स्टीफन हिस्लॉप १८६३ सालीच टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात गेले. ज्या मातीचा माग काढायला लोक असे रानोमाळ हिंडले, त्या मातीवर आपण दरवर्षी पाचट पेटवितो. त्यात मातीचे खत जळते आणि मित्रकीडही जळते. २००२ साली राज्यात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा डिफा व मायक्रोमस या मित्रकीटकांनी त्याला आवर घालण्यास मोठी मदत केली. फवारणीचा पंप तेवढा ठाऊक आणि मित्र मात्र अनोळखी, असे किती दिवस चालणार?

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की ही सहल बंद करू नये, उलट प्रत्येक गटाची व्हावी. निम्म्या जागा महिलांना द्याव्यात, कारण निंदणी-खुरपणीला रोज वावरात त्याच असतात. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. शिदोरी सोबत असू द्यावी. महाराजबाग जवळच आहे.

आणि घरी आल्यावर तीन गोष्टी कराव्यात. धुऱ्यावरचे जुने पोकळ झाड तोडू नये. नव्या लावणीत ऊस कमरेएवढा होईपर्यंत पक्ष्यांना बसायला आडव्या काठीचे थांबे रोवावेत. विष हा शेवटचा उपाय समजावा, आणि वापरलेच तर मेलेला उंदीर त्याच दिवशी पुरावा. शेतकी विभागाचा माणूस आता ते पाहायला येईल, हा आमचा शब्द.

टनेज एका सहलीने वाढत नाही, हे खरे. पण त्या आजींनी बसमध्ये नातवाला सांगितले, "आता घुबडाले गोटा नको मारू." आमच्या मते बसचे भाडे तेथेच वसूल झाले.

जय किसान! जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग