‘उंबरठा’ : जाब कुणाला विचारायचा?

जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२) मी पहिल्यांदा पाहिला तो एम.एस.डब्ल्यू.ला असताना. त्यानंतर किती शिबिरांत, किती मैत्रिणींना दाखवला याची मोजदाद नाही.

सिनेमा संपून दिवे लागले की पहिला प्रश्न ठरलेला : ‘लहान मुलीला सोडून सुलभा गेलीच कशी?’ वस्तीतल्या बायका विचारतात, कार्यकर्त्याही विचारतात. सुभाषला मात्र कुणी काही विचारत नाही. मुलगी त्याचीही आहे, तो घरातच आहे. तरी तिला सांभाळते जाऊच.

आधी मीही सुलभाची बाजू मांडत बसायची. पुढे निराधार स्त्रियांच्या एका संस्थेत नोकरी केली. मग पुन्हा पाहताना नजर खिळली ती स्मिता पाटीलच्या मागे उभ्या असलेल्या, सुधारगृहातल्या बायकांवर. सुलभा निदान बाहेर पडू शकते. त्यांनी बाहेर पडून जायचं कुठे? आपल्या चर्चेत त्या येतच नाहीत.

सिनेमा जरूर दाखवत राहू या. पण यापुढे चर्चेची सुरुवात सुभाषपासून करू या आणि त्या बायकांसाठी वेळ राखून ठेवू या. सुलभाची उलटतपासणी पुष्कळ झाली.