टोप की तस्त?

चित्रकारांशी माझे वैर नाही. त्यांनी दिवाळी अंकांवर खुशाल सुंदर स्त्रिया काढाव्यात. पण एखाद्या ग्रंथासाठी चित्रे काढण्यापूर्वी तो वाचावा, एवढी अट घातली तर कुणाचे कुंचले मोडणार आहेत?

राग जुना आहे. अचलपूरला शाळेत असताना वाचनालयातून 'डॉन क्विक्झोट'ची मुलांसाठी केलेली सचित्र संक्षिप्त आवृत्ती आणली होती. दुल्हा दरवाजाजवळ केस कापायला गेलो, तर माझ्याआधी दोन दाढ्या. मग न्हावीकाकांना गोष्टच वाचून दाखवू लागलो. पावसात नवी टोपी भिजू नये म्हणून एक न्हावी आपले पितळी तस्त डोक्यावर पालथे घालून गाढवावरून चालला आहे. आमच्या वेड्या सरदाराला ते मांब्रिनोचे सोन्याचे शिरस्त्राण वाटते आणि भाला रोखून तो ते मिळवतो. काका खुलले. "दाखव बरं चित्तर!" पान पुढे केले. चित्रात झळाळता, तुरेदार, राजेशाही टोप!

वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला. "अबे, हा तं टोपच व्हय! मंग तो येडा कायचा? येडा तं आमचा न्हावी, टोप घालून दाढ्या करत हिंडते!"

स्पेनमधल्या त्या कादंबरीवर इतकी नेमकी टीका मी नंतर वाचलेली नाही. त्या तस्तातच सगळा विनोद. तोच चित्रकाराने पुसला, वर पैसेही घेतले असतील.

बड्यांचेही तेच. गुस्ताव्ह दोरे स्पेन हिंडून आला, 1863 साली त्याची चित्रे पॅरिसला छापली गेली, जगाने ती डोक्यावर घेतली. मीही घेतो. पण सँको पांझाचे पाय? 1605 च्या पहिल्या भागात, नवव्या प्रकरणात, सर्व्हान्तेस टोलेडोच्या बाजारात मिळालेल्या वहीतले चित्रच वर्णन करून सांगतो: पोट मोठे, धड आखूड, तंगड्या लांब! लेखक आणखी काय करणार, मोजपट्टी पाठवणार? तरी दोरेसकट बहुतेकांनी त्याला ठेंगणाच केला.

कलेला स्वातंत्र्य असते म्हणे. असू द्या की! पिकासोने 1955 साली शाईच्या चार फटकाऱ्यांत ही जोडी काढली. ते चित्र आपल्या पायांवर उभे आहे. गोष्टीच्या पानात घुसून बसणाऱ्याने मात्र गोष्टीचे ऐकावे. पोरे आधी चित्र बघतात, मग वाचतात. कित्येक तर वाचतच नाहीत.

मी पेन्सिलीने टोप खोडून तिथे तस्त काढले. नमुन्याला काकांनी आपले समोर ठेवले. वाचनालयाने आठ आणे दंड केला. त्यातले चार आणे काकांनी दिले.