विश्लेषण : आवाज तुटतो कुणामुळे, शिव्या खातो कोण?

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपवर ऑनलाइन बैठक सुरू असते. समोरच्याचा आवाज मध्येच तुटतो, किंवा माइक सुरू होताच ब्लूटूथ हेडफोनमधला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. वैतागलेला वापरकर्ता बहुधा ‘ऑडिओ सर्व्हर’ला दोष देतो. हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आणि फुकट असते. त्याची निगा राखणारी माणसे मात्र मोजकीच असतात.

ऑडिओ सर्व्हर करतो काय?

गाणे, कॉल, सूचनेची घंटी यांचे आवाज एकत्र करून ते एकाच स्पीकरकडे पाठवण्याचे काम हा सर्व्हर करतो. एका अॅपकडून सेकंदाला ४४,१०० सॅम्पल येतात, साउंड कार्डला ४८,००० हवी असतात. तो मेळही त्यालाच घालावा लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये हेच काम ‘ऑडिओफ्लिंगर’ करतो. सवड फार थोडी असते. ४८,०००च्या वेगाने १,०२४ सॅम्पलचा साठा सुमारे २१ मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात पुढचा साठा आला नाही, की ‘टक्’! व्हिडीओतले चित्र क्षणभर अडकले तर डोळा चालवून घेतो, कान घेत नाही.

मग चूक कुणाची?

लेनार्ट पोटरिंग यांचा ‘पल्सऑडिओ’ २००७ मध्ये फेडोरा ८ मध्ये आणि २००८ मध्ये उबुंटू ८.०४ मध्ये आला. पाठोपाठ तक्रारींचा पाऊस पडला. त्याच वर्षी पल्सऑडिओने नवी पद्धत आणली. कार्डाच्या इशाऱ्याची वारंवार वाट पाहण्याऐवजी टायमर लावायचा आणि मोठा साठा एकदम भरून ठेवायचा. त्यामुळे प्रोसेसर कमी वेळा जागा होतो, वीज वाचते. पण त्यासाठी ‘कुठपर्यंत वाजवून झाले’ हा आकडा ड्रायव्हरने अचूक सांगायला हवा. कित्येक ड्रायव्हर तो चुकीचा सांगत. तोवर त्यावर इतके विसंबून कुणी राहिलेच नव्हते, म्हणून ती चूक झाकलेली होती. ड्रायव्हर दुरुस्त करा, ही पोटरिंग यांची भूमिका तत्त्वतः योग्यच होती. मात्र ज्याच्या संगणकाचा आवाज बंद पडला होता, त्याला तत्त्वाशी काय देणेघेणे?

ब्लूटूथचेही तसेच. माइक सुरू असताना उंची दर्जाचा आवाज पाठवण्याची सोय पारंपरिक ब्लूटूथमध्येच नाही. तरी तक्रार येते सर्व्हरकडेच.

नवा सर्व्हर आला, प्रश्न सुटला?

बराचसा. रेड हॅटमधील विम टायमन्स यांचा ‘पाइपवायर’ २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने स्वीकारला, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. तो पल्सऑडिओचीच भाषा बोलत असल्याने जुन्या अॅपमध्ये बदल करावे लागले नाहीत. बदल सुरळीत झाल्याचे कौतुक झाले, पण त्याआधीच्या चौदा वर्षांत तक्रारी झेलत ड्रायव्हर सुधारले गेले होते, हे क्वचितच सांगितले जाते. साउंड कार्ड ओळखून त्याचे स्पीकर-माइक मांडण्याचा पाइपवायरमधला भाग तर पल्सऑडिओच्याच कोडवर बेतलेला आहे.

हे काम दिसत नाही, म्हणून त्याला पैसाही मिळत नाही. नव्या प्रकल्पाला प्रायोजक भेटतो. जुन्यातला एखाद्याच हेडफोनवर येणारा बिघड शोधायला कोण पैसे देणार? भारतात झिरोधाने २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. स्वागतार्हच, पण लिनक्सवर फुकटात कारभार चालवणाऱ्या इतर कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनीही हात सैल सोडायला हवा.

पैशाइतकीच टंचाई माहितीची आहे. दुरुस्तीत कोड लिहिण्यापेक्षा अवघड असते ते बिघाड स्वतःसमोर घडवून आणणे, कारण तक्रारदाराचा हेडफोन दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर नसतो. ‘आवाज येत नाही’ एवढ्या ओळीवरून काहीच कळत नाही. उपकरणाचे नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आवाज तुटला तेव्हाची लॉग फाइल आणि आधीच्या आवृत्तीत तो नीट येत होता का, एवढे कळवले तर शोध कुठून सुरू करायचा हे तरी त्याला समजते.