गव्हाण रिकामी राहू द्या!

नोव्हेंबर सरतो न सरतो तोच आमच्या धर्मग्रामांत नाताळ सुरू होतो. वेदीवर आगमनकाळाची जांभळी वस्त्रे असतात, रविवारच्या मिस्सात ‘ग्लोरिया’चे स्तुतिगीत थांबलेले असते, परंतु मंदिराबाहेर ध्वनिवर्धकाने बाळाचा जन्म केव्हाच जाहीर केलेला असतो. 25 डिसेंबर उजाडेपर्यंत आम्ही नाताळ गाऊन, नाचून, खाऊन संपवतो आणि लगोलग चांदण्या उतरवू लागतो. उपासनेतला नाताळ मात्र प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत चालायचा असतो!

‘लोक आनंदात आहेत, तर तुमच्या पोटात का दुखते?’ असे कोणी विचारील. आमचा विरोध आनंदाला नाही. ख्रिस्तसभेनेही हा काळ सुतकाचा मानलेला नाही. 1969 सालच्या उपासना-वर्षाच्या नियमांत त्याला भक्तिपूर्ण व आनंदी प्रतीक्षेचा काळ म्हटले आहे. आमचा आक्षेप आहे तो प्रतीक्षाच गिळून टाकण्याला. 16 डिसेंबरपर्यंतची उपासना प्रामुख्याने प्रभूच्या पुनरागमनाकडे आपली दृष्टी वळवते. 17 तारखेपासून ती बेथलेहेमकडे वळते. आम्हाला गोठ्यातले बाळ हवेसे वाटते, हिशेब मागायला येणारा प्रभू नकोसा वाटतो.

गोठ्यांच्या स्पर्धांचेच पाहा. 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेचो गावी गवताची गव्हाण, बैल आणि गाढव आणवले. त्या बाळाने सोसलेले दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी दिसावे, एवढाच त्याचा हेतू होता. आमच्या गोठ्यांत धबधबे कोसळतात, दिवे नाचतात, परीक्षक गुण देतात आणि निकालावरून दोन आळ्यांत वर्षभराचा अबोला धरला जातो. दारिद्र्याच्या देखाव्यासाठी वर्गणी काढणाऱ्यांना शेजारचा दरिद्री दिसत नाही.

‘आम्ही काय करावे?’ असे लोकांनी योहानाला विचारले, तेव्हा त्याने रोषणाई सांगितली नाही. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्याहून अधिक घेऊ नये, शिपायाने कोणाला लुबाडू नये, असे रोखठोक उत्तर त्याने दिले. तो आज आमच्या आळीत आला तर बांधावरून कोर्टात गेलेल्या भावांना काय सांगेल? घरकाम करणाऱ्या बाईचे पैसे अडवणाऱ्यांना, म्हाताऱ्या आईला महिन्यांच्या पाळीने वाटून घेणाऱ्या मुलांना काय सांगेल? प्रायश्चित्त संस्कारासाठी 24 तारखेच्या रांगेत घाईघाईने उभे राहिल्याने हे हिशेब मिटत नाहीत.

2023 साली आगमनकाळ अवघ्या 22 दिवसांचा होता. फार लांबला तरी तो 28 दिवसांपलीकडे जात नाही. एवढेही दिवस आम्हाला धीर धरवत नाही काय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. धर्मग्रामांनी गोठ्यांची बक्षिसे बंद करावीत आणि ती रक्कम गरजू कुटुंबाकडे गुपचूप पोहोचवावी. नाताळाच्या मेजवान्या 25 डिसेंबरनंतर व्हाव्यात. कुटुंबांनी तिसऱ्या रविवारपूर्वी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा आणि त्याआधी ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारी जावे. घरात गोठा जरूर बांधावा. परंतु 24 तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवावी. मुले विचारतील, ‘बाळ कुठे आहे?’ तेव्हा त्यांना सांगता यावे, ‘आपण त्याची वाट पाहत आहोत.’