फळ्यावरचे गणित पुसू नका



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बुटीबोरीला मी शिकवतो त्या महाविद्यालयात बारावीचा एक मुलगा माझ्याकडे आला. वडील इथल्याच औद्योगिक वसाहतीत कामगार. परदेशातील एका विद्यापीठात शिष्यवृत्तीसाठी तो अर्ज करीत होता आणि त्याला शिक्षकाचे शिफारसपत्र हवे होते. मी आनंदाने होकार दिला. रात्री लिहायला बसलो. ‘हा विद्यार्थी हुशार व मेहनती आहे’ एवढे लिहून झाले आणि लेखणी थांबली. विद्यापीठाने विचारले होते : या विद्यार्थ्याने स्वतःहून कोणता प्रश्न हाती घेतला? अडला तेव्हा काय केले? मला काहीच आठवेना. त्याचे गुण मला तोंडपाठ होते. मुलगा मात्र ठाऊक नव्हता. पत्र गेले. शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्यात त्याची चूक किती आणि माझी किती, याचा हिशेब मी अजून करतो आहे.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे. परदेशी शिष्यवृत्तीची वाट अर्जापासून सुरू होत नाही. ती नववी-दहावीत, एखाद्या न सुटलेल्या प्रश्नापासून सुरू होते.

डॉ. जयंत नारळीकरांचे उदाहरण घ्या. १९५७ साली बनारस हिंदू विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन, टाटांच्या शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले आणि तेथील गणिताच्या परीक्षेत १९५९ साली पहिले आले. पण त्याआधीची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शाळेत असताना त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिक्षणासाठी त्यांच्या घरी राहत होते. घरात भिंतीवर फळा होता. मामा त्यावर एखादे अवघड गणित भाच्यासाठी लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानेपर्यंत, फळ्यावर तसेच राही. त्याला गुण नव्हते, वेळेचे बंधन नव्हते. जाता-येता ते गणित डोळ्यांसमोर असे, एवढेच.

तुम्ही म्हणाल, ‘सर, त्यांचे वडीलच गणिताचे प्राध्यापक होते. आमच्या घरी असा मामा कुठून आणायचा?’ शंका रास्त आहे. ते घर विद्वानांचे होते आणि त्याचा लाभ झालाच. पण त्या घरातील कोणती वस्तू आपल्याला आणता येईल? भिंत आहे, खडू स्वस्त आहे. उत्तर लगेच न सांगणारा माणूस तेवढा हवा. तो मामाच असला पाहिजे असे नाही. शिक्षक चालेल, मोठी बहीण चालेल, वर्गमित्रही चालेल.

आता काही गैरसमज दूर करू. पहिला गैरसमज असा की शिष्यवृत्ती म्हणजे टक्केवारीचे बक्षीस. अमेरिकेतील एम.आय.टी., हार्वर्ड, प्रिन्स्टन ही विद्यापीठे प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश मिळाल्यावर कुटुंबाच्या गरजेप्रमाणे मदत देतात. कामगाराच्या मुलाला वडिलांचा पगार तेथे आड येत नाही. आड येते ती स्पर्धा, कारण साऱ्या जगातून थोडेच निवडले जातात. शिवाय नववीपासूनच्या गुणपत्रिका मागतात आणि अर्ज बारावी चालू असतानाच करावा लागतो. निकालानंतर जागे होणाऱ्याची गाडी चुकते. २०१६ साली मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावीची प्रमाणपत्रे नसतानाही एम.आय.टी.ने प्रवेश दिला. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने तीनदा पदके मिळवली होती. म्हणून शाळा सोडा, असे मी मुळीच सांगत नाही. विद्यापीठ काय शोधत असते, हे यावरून समजावे.

दुसरा गैरसमज, परदेश म्हणजे अमेरिका. बारावी झालेल्यांसाठी जपान सरकारचीही शिष्यवृत्ती आहे. विज्ञान शाखेसाठी गणित, भौतिकी, रसायन व इंग्रजी यांची लेखी परीक्षा आणि मग मुलाखत होते. शिक्षणशुल्क, प्रवासखर्च व दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. पहिले वर्ष जपानी भाषा शिकवण्यात जाते. मागील प्रश्नपत्रिका विनामूल्य मिळतात.

तिसरा गैरसमज, बारावीनंतर गेलो नाही तर संपले. नारळीकर स्वतः पदवीनंतर गेले. १८९२ साली सुरू झालेला टाटांचा निधी कर्जरूपाने साहाय्य करतो, तेही पदवीनंतरच्या शिक्षणासाठी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर पदवी व पीएच.डी.साठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तेव्हा नागपुरात पदवी घेणे म्हणजे हरणे नव्हे. केवळ एखाद्या दलालाच्या रंगीत पत्रकावर भाळून वडिलांना कर्जात घालू नका.

तयारीसाठी ऑलिंपियाडच्या परीक्षा उत्तम. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञानाची, तर अकरावी-बारावीसाठी भौतिकी, रसायन इत्यादींची वेगळी परीक्षा असते. पदक एखाद्यालाच मिळते. पण त्या प्रश्नपत्रिकांतील प्रत्येक प्रश्न आठवडाभर फळ्यावर राहण्याच्या लायकीचा असतो, आणि तो कोणालाही मिळू शकतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्याकडे एक मागणे आहे. शाळेच्या व्हरांड्यात एक फळा अभ्यासक्रमाबाहेर ठेवा. दर शनिवारी त्यावर एक प्रश्न लिहा आणि सुटेपर्यंत पुसू नका. कोण त्यापुढे रेंगाळतो, कोण चुकीचे उत्तर घेऊन पुन्हा येतो, ते पाहा. शिफारसपत्र लिहिताना तेच कामी येईल. मी आमच्याकडे असा फळा लावला आहे. त्यावरचा पहिला प्रश्न तुम्हालाही देतो.

आपल्या वसाहतीतील एका धुराड्याची उंची काढायची आहे. फाटकाच्या आत जाता येत नाही, म्हणून पायथ्यापासूनचे अंतर मोजता येत नाही. सकाळी त्याच्या सावलीचे टोक मात्र कुंपणाबाहेरच्या सपाट मैदानावर पडते. तुमच्याजवळ एक मीटर लांब काठी, मोजपट्टी आणि घड्याळ आहे. उंची कशी काढाल? सावलीचे टोक पुसट दिसते, त्यामुळे उत्तरात किती चूक येईल?

उत्तर मी येथे देणार नाही. प्रश्न भिंतीवर लिहून ठेवा.