नायसियाचा जीआर

परवा शुक्रवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये पुन्हा तोच विषय निघाला. आमच्या टीममधला एकजण (कोड उत्तम लिहितो, इतिहास मात्र फॉरवर्डमध्ये वाचतो) छातीठोकपणे म्हणाला, "कॅथलिक धर्म सगळा कॉन्स्टंटाइनने बनवलाय. ३२५ साली नायसियाला बिशप गोळा केले, मतदान घेतलं, येशू देव ठरला. विषय संपला." टेबलावर वसईचा एक मित्र होता, दर रविवारी मिस्सेला जाणारा. तो काही न बोलता डबा आवरून उठला. मला ते लागलं. २००३ साली 'द दा विंची कोड' आलं तेव्हा मीही हेच चार लोकांना ऐकवत फिरलो होतो, म्हणून जरा जास्तच लागलं.

तर आज भांडतोच.

नायसियात वाद होता तो ॲरियसच्या मताचा. अलेक्झांड्रियाचा हा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र हा सगळ्या सृष्टीच्या आधीचा, पण पित्याने निर्माण केलेला. म्हणजे 'येशू साधा माणूस' असं ॲरियससुद्धा म्हणत नव्हता! बायबलात कोणती पुस्तकं घ्यायची ते तिथे ठरलं, ही दुसरी थाप. परिषदेचे २० नियम आजही वाचायला मिळतात, त्यात हा विषयच नाही. नव्या करारातल्या नेमक्या २७ पुस्तकांची यादी पहिल्यांदा दिसते ती अथानेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात.

आणि बादशहाचा जीआर म्हणावा, तर तो त्याच्याच घरात चालला नाही. नायसियाची बाजू लढवणाऱ्या अथानेशियसला ३३५ साली हद्दपार केलं कोणी? खुद्द कॉन्स्टंटाइनने. ३३७ साली मरताना त्याने बाप्तिस्मा घेतला तोही ॲरियसची पाठराखण केलेल्या बिशपाकडून. पुढे त्याचा मुलगा कॉन्स्टंशियस तर उघडच विरोधी गटाचा. काय बोलणार!

आता मागे जाऊया. नायसियाच्या सुमारे दोनशे वर्षं आधी अँटिऑकचा बिशप इग्नेशियस याला शिपाई रोमला नेत होते, जनावरांपुढे टाकायला. वाटेत त्याने सात पत्रं लिहिली. त्यात येशूला तो सरळ देव म्हणतो. स्मर्नाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात 'कॅथलिक चर्च' हे शब्द येतात, आपल्याला माहीत असलेला त्यांचा हा सर्वांत जुना वापर. भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर हे न मानणाऱ्यांवर तो चिडलेला आहे. पुढे साधारण १५५ साली जस्टिन रोममध्ये बसून बादशहाला उद्देशून लिहितो की आम्ही रविवारी जमतो, वाचन होतं, प्रवचन होतं, भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस वाटतो, जे आले नाहीत त्यांच्या घरी पोचवतो. माझ्या मित्राने हे वाचलं तर म्हणेल, ही तर आमची मिस्सा!

म्हणालाच. संध्याकाळी फोन केला तर स्वारी खूश. "मग? सगळं पहिल्यापासून जसंच्या तसं आहे!"

नाही रे बाबा. तुझ्याशीही भांडण आहे. ज्या इग्नेशियसवर तू उड्या मारतोयस तो इतर गावांना लिहिताना तिथल्या बिशपाचं महत्त्व घसा फोडून सांगतो. रोमच्या पत्रात बिशपाचा साधा उल्लेखही नाही. आयरेनियस १८० च्या सुमारास रोमच्या बिशपांची यादी देतो, ती तुमची माणसं हमखास दाखवतात. पण ईस्टरच्या तारखेवरून रोमचा व्हिक्टर आशियातल्या चर्चेसना तोडायला निघाला तेव्हा त्याला समजावणीचं कडक पत्र लिहिणारा हाच आयरेनियस. आणि हाच सांगतो की शिकवण्याच्या काळात येशूचं वय पन्नाशीकडे झुकलेलं होतं, आणि ही माहिती प्रेषित योहानाला पाहिलेल्या वडीलधाऱ्यांकडून आलेली आहे! हे तुमच्या पुस्तिकेत का नाही?

सगळ्यात मजेशीर माणूस कार्थेजचा सिप्रियन. चर्चच्या एकीवर त्याने २५१ च्या सुमारास पुस्तक लिहिलं. त्याच्या चौथ्या प्रकरणाच्या दोन आवृत्त्या मिळतात. एकीत पीटरला अग्रस्थान दिलं असं आहे, दुसरीत ते शब्दच गायब. शतकानुशतकं दोन्ही बाजू एकमेकांवर घुसडाघुसडीचा आरोप करत होत्या. आता बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की दोन्ही सिप्रियनच्याच. बाप्तिस्म्यावरून रोमच्या स्टीफनशी बिनसल्यावर त्याने स्वतःच मजकूर बदलला. २५६ साली कार्थेजला ८७ बिशप बसवून त्याने स्टीफनच्या विरुद्ध निर्णय घेतला, तो सिप्रियन. कॅथलिक चर्च आजही त्याला संत मानतं, आणि बाप्तिस्म्याच्या त्या वादात मात्र स्टीफनचंच म्हणणं चालवतं.

मित्र थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सोमवारी ती दोन्ही प्रकरणं प्रिंट करून आण." आणतोय. कँटीनवाल्या त्या दुसऱ्या विद्वानासाठीही एक कॉपी काढतोय.