सोप्या वाटांचा बाजार

हिमालयांत पायीं भटकण्याची हौस आमच्या मध्यमवर्गांत आतां चांगलीच रुजली आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलण्याचा या लेखाचा हेतु नाहीं. पुण्यामुंबईचीं, नाशिकचीं, नागपूरचीं कुटुंबेंच्या कुटुंबें मे महिन्यांत किंवा नाताळांत डेहराडूनची वाट धरतात, आठवडाभर ओझीं पाठीवर घेऊन चालतात आणि नाकाची कातडी सोलून घेऊन आनंदानें परत येतात. यांत वाईट कांहींच नाहीं. आमचा आक्षेप आहे तो एका शब्दावर. तो शब्द म्हणजे ‘सोपी’. मोहिमा काढणाऱ्या संस्थांच्या पत्रकांत गढवालांतील प्रत्येक वाटेपुढें ‘सोपी’, ‘मध्यम’ अथवा ‘अवघड’ असा शिक्का मारलेला असतो. आणि ज्या घरांत साधा पंखा घ्यावयाचा तर चार दुकानें हिंडून चौकशी होते, त्याच घरांत हा शिक्का वेदवाक्य म्हणून मान्य होतो. वडिलांचे गुडघे दुखतात, धाकटी बारा वर्षांची आहे, आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. तेव्हां आपण ‘सोपी’ घेऊं, असा ठराव होतो व पैसे भरले जातात. सोपी कोणाला, कोणत्या महिन्यांत, किती दिवसांत, हें कोणी विचारीत नाहीं.

हा शिक्का मोजतो तरी काय? चढ किती उभा, मजल किती लांब, वाट मळलेली कीं खडकाळ, एवढेंच. म्हणजे तो पायांचें माप घेतो. परंतु दहा हजार फुटांच्या वर माणसाची परीक्षा एकट्या पायांवर होत नसते. साडेअकरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोनतृतीयांश उरतो, अठरा हजारांवर तो निम्मा होतो, आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायु त्याच प्रमाणांत घटतो. शरीर या स्थितीशीं जुळवून घेतें खरें. पण त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस प्रत्येकाचे निराळे असतात. डोकें ठणकणें, अन्नावरची वासना उडणें, मळमळणें, झोंप न येणें हीं पहिलीं लक्षणें. त्यांकडे डोळेझांक करून माणूस आणखी वर गेला तर कोणाच्या फुप्फुसांत पाणी सांचतें, कोणाच्या मेंदूला सूज येते, आणि मग त्याला तांतडीनें खालीं उतरविणें हाच मुख्य उपाय राहतो. या प्रकरणाचा ‘सोपी’ या शब्दाशीं कांहीं एक संबंध नाहीं. अत्यंत सुगम, मळलेल्या वाटेवरूनहि माणूस फार लवकर फार उंच जाऊं शकतो. किंबहुना वाट सुगम असली म्हणजेच तो तसा जातो.

येथें व्यायामशाळेंतील मंडळी पुढें सरसावतात. ज्याचें शरीर कमावलेलें आहे त्याला ही धास्ती कशाला, असें त्यांचें म्हणणें. या समजाइतका घातक समज दुसरा नसेल. भारतीय सैन्यांतील जवानांना सखल प्रदेशांतून अकरा ते अठरा हजार फुटांच्या दरम्यान नेलें असतां काय घडलें, याचा वृत्तांत डॉ. इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९६९ मध्यें ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यांत उंचीच्या आजारानें पछाडलेल्या १,९२५ सैनिकांची हकीकत आहे. हे जवान पुण्याच्या कोणत्याहि टेकडीवर रोज पहाटे धांवणाऱ्या गृहस्थाहून कमी धडधाकट खास नव्हते. दमदार शरीर चढ सोसतें, थंडी सोसतें, ओझें सोसतें. विरळ हवेपासून बचाव होण्याची हमी मात्र तें देत नाहीं. उलट, दमदार माणूस झपाट्यानें चालतो, म्हणून झपाट्यानें उंच जातो, आणि डोकें दुखूं लागलें तरी चारचौघांत सांगण्याची त्याला लाज वाटते. कित्येक संस्था प्रवेशापूर्वीं पांच किलोमीटर अमुक मिनिटांत पळून दाखवा म्हणून अट घालतात. अट चांगली आहे, निदान आळशी माणूस महिनाभर तरी पळतो. पण ती पुरी केली म्हणजे हिमालयानें प्रमाणपत्र दिलें, अशी जी समजूत करून दिली जाते तिला आमचा विरोध आहे.

आम्हां महाराष्ट्रीयांना आणखी एक भ्रम जडलेला आहे, तो सह्याद्रीचा. राजगड झाला, हरिश्चंद्रगड झाला, कळसूबाई तर दोनदां झाली. आतां हिमालयाचें काय मोठेंसें! सह्याद्रीनें पाय घडतात, तोल येतो, उन्हापावसांत वैतागायचें नाहीं हें अंगीं बाणतें. त्याचें ऋण आहेच. पण कळसूबाईचें शिखर, म्हणजे सबंध महाराष्ट्रांतील सर्वांत उंच जागा, ५,४०० फूट आहे. आणि केदारकंठ्याची चाल जेथून सुरू होते तें सांकरी गांव सुमारें ६,४०० फुटांवर आहे. आमचा कळस जेथें संपतो त्याच्या वर हजार फुटांनीं त्यांचा उंबरठा लागतो. विरळ हवेची तालीम सह्याद्रींत होऊं शकत नाहीं, मग गड कितीहि करा.

जुन्या यात्रेकरूंना आम्ही भोळे समजतों. ते हरिद्वाराहून, म्हणजे हजारएक फुटांवरून, पायीं निघत. चट्टीचट्टीवर मुक्काम करीत. एका धर्मशाळेंत भात शिजवून दुसरीकडे झोंपत. आणि केदारनाथाला पोंचेपर्यंत त्यांना आठवड्यांमागून आठवडे लागत. त्यांना उंचीच्या आजाराचें शास्त्र ठाऊक नव्हतें, पण त्या शास्त्राचा पहिला नियम ते पावलागणिक पाळीत होते. मोटारीनें तो नियम मोडला. आतां माणूस हृषीकेशाहून सकाळीं निघून रात्रीं गौरीकुंडाच्या आसपास असतो, आणि दुसऱ्या दिवशीं साडेसहा हजारांवरून पावणेबारा हजारांवर चढतो. ज्याच्या गांठीं अधिक पैसा तो तेवढीच उंची हेलिकॉप्टरनें कांहीं मिनिटांत गांठतो. २०२२ च्या चारधाम यात्रेंत प्रकृतीच्या कारणानें शंभराहून अधिक यात्रेकरू दगावले. ही वाट कोणी ‘अवघड’ म्हणून सांगत नाहीं. ती तर फरसबंद आहे, दुतर्फा चहाचीं दुकानें आहेत.

मग निवड कशी करावी? आमच्या मतें पहिला प्रश्न शिखर किती उंच हा नसून रात्रीं कोठें निजावयाचें हा आहे. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा रोज सोळाशें फुटांहून अधिक वर नेऊं नये, आणि दर तीनचार दिवसांनीं एक दिवस त्याच जागीं थांबावें, असें या विषयांतील डॉक्टर सांगत आले आहेत. या कसोटीवर पत्रकें घांसून पाहिलीं कीं बऱ्याच ‘सोप्या’ वाटांचा मुलामा उडतो. केदारकंठाच घ्या. सांकरीहून निघून पहिला मुक्काम सुमारें नऊ हजारांवर, दुसरा सव्वाअकरा हजारांवर, आणि त्या रात्रीं दोनतीन वाजतां उठून बर्फांतून साडेबारा हजारांवरचें शिखर. दुसऱ्या रात्रींची उडी दोन हजार फुटांहून मोठी झाली. निरोगी तरुणांना ती बहुधा पचते, शिखरहि छावणीपासून फार दूर नाहीं. म्हणून वाट वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण डिसेंबरांत तेथें पायांखालीं बर्फ असतें, पहांटेची थंडी शून्याच्या पुष्कळ खालीं जाते, आणि ज्याचे गुडघे दुखतात त्याला चढण्यापेक्षां त्या बर्फावरून उतरणें अधिक जाचतें. ‘सोपी’ म्हणतांना यांतील कोणती गोष्ट हिशेबांत घेतली होती?

त्याच सांकरीहून दुसरी वाट हर की दूनला जाते. ही सुपिन नदीच्या कांठानें, गंगाड आणि ओसला या लांकडी घरांच्या गांवांवरून, हळूहळू वर चढते व सुमारें पावणेबारा हजार फुटांवरच्या खोऱ्यांत पोंचते. मजला लांब आहेत, पायांना काम पुष्कळ पडतें. पण उंची बेताबेतानें वाढते, वाटेंत माणसांची वस्ती आहे, आणि कोणाला बरें वाटेनासें झालें तर उतरणीला उलटें फिरतां येतें. पन्नाशींतल्या जोडप्याला किंवा मुलांसह निघालेल्या कुटुंबाला आम्ही मे किंवा ऑक्टोबर महिन्यांत डोळे मिटून हीच वाट सुचवूं. तथापि तीवर गर्दी केदारकंठ्याची नाहीं. कारण उघड आहे. दरींत शिखर नाहीं, शिखरावर रोवायला झेंडा नाहीं, आणि झेंड्याशिवाय छायाचित्र कसलें!

घांगरियाचें उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखें आहे. दहा हजार फुटांवरचें हें एक लहानसें ठाणें. तेथून डावीकडची वाट फुलांच्या दरींत जाते. फ्रँक स्माइथला ही दरी १९३१ मध्यें कामेट शिखरावरून परततांना दिसली आणि २००५ पासून ती जागतिक वारशांत गणली जाते. चढ सौम्य आहे, वाटेल तेथून परत फिरावें. दुसरी वाट हेमकुंडाला, पांचसहा किलोमीटरांत चार हजार फूट वर, चौदा हजारांच्या घरांत. दोन्हींकडे सकाळीं जाऊन संध्याकाळीं परत यावयाचें, दोन्हींकडे मुक्काम नाहीं. आणि सहलीच्या पत्रकांत मात्र ‘फुलांची दरी व हेमकुंड’ अशी एकच जोडी, तिला एकच शिक्का! ज्या आजीबाईंनीं पहिल्या दिवशीं फुलें पाहून समाधान मानावयाचें, त्यांना दुसऱ्या दिवशीं सर्वांबरोबर हेमकुंडाकडे ओढलें जातें, कारण पैसे दोहोंचे भरलेले असतात. ज्यांना चालवतच नाहीं त्यांच्यासाठीं चोपत्याहून तुंगनाथ आहे: तीनचार किलोमीटर दगडी पायवाट, बारा हजारांवरचें देऊळ, आणि रात्रीं पुन्हां खालीं निजणें.

रूपिन खिंड, बाली खिंड, सहस्रताल या वाटांविषयीं फार लिहीत नाहीं. त्या ज्यांच्यासाठीं आहेत त्यांना हा लेख नको. एवढेंच सांगतों कीं जून २०२४ मध्यें सहस्रतालाच्या वाटेवर कर्नाटकांतील बावीस जणांच्या तुकडीला हिमवादळानें गांठलें आणि त्यांतील नऊ जण मरण पावले. महिना जूनचा होता, ऐन मोसमाचा. तेथें कोणाच्या पायांत बळ कमी पडलें हा प्रश्नच नव्हता. वादळ आल्यावर निवाऱ्यापासून किती दूर आहों, हा होता. वाटेचा हा गुण कोणत्याहि शिक्क्यांत उतरत नाहीं.

संस्थाचालक म्हणतील, नवख्या माणसाला कांहीं तरी मोजमाप हवेंच ना? हवें. पण मग पत्रकांत शिक्क्याऐवजीं चार ओळी छापा: रोजच्या मुक्कामाची उंची, विसाव्याचा दिवस कोणता, मोटारीचा रस्ता किती तासांवर, खेंचर कोठवर जाते. कित्येक संस्था हें सांगतात, त्यांना दोष नाहीं. ज्या सांगत नाहींत त्यांचें उत्तर आम्हीं ऐकलें आहे: विसाव्याचा दिवस घातला कीं गिऱ्हाईक दुसरीकडे जातें. आणि हें उत्तर, दुर्दैवानें, खरें आहे. सात दिवसांची रजा, दोन दिवस गाडींत, उरल्या पांचांत शिखर. वाटेची निवड आमच्या घरांत या त्रैराशिकानें होते. संस्था तेवढें गणित बिनचूक सोडवून देते. ज्याला पांचच दिवस आहेत त्यानें पांच दिवसांची दरी निवडावी, आठ दिवसांचें शिखर पांचांत कोंबूं नये, एवढें साधें म्हणणें ऐकून घेण्याची गिऱ्हाइकाची तयारी नसेल तर दुकानदारानें तरी काय करावें? तरीहि आम्ही दुकानदाराला सोडणार नाहीं, कारण धोका त्याला ठाऊक असतो आणि गिऱ्हाइकाला नसतो.

तेव्हां यंदा मे महिन्याचे पैसे भरण्यापूर्वीं वाचकांनीं दूरध्वनीवरून एकच विचारावें. आमच्यांतील सर्वांत अशक्त माणसाला तिसऱ्या रात्रीं बरें वाटलें नाहीं, तर त्याला खालीं कोण नेईल, कोणत्या वाटेनें, आणि उरलेल्यांचें काय होईल? पलीकडचा गृहस्थ गडबडला, किंवा ‘असें कांहीं होत नाहीं’ म्हणाला, तर पत्रकावर कोणताहि शिक्का असो, पैसे भरूं नयेत.